शाळा घडताना (भाग ४) : पंचाहत्तर रुपयांचे मास्तर

शीळफाट्याला मुंब्रा, महापे, पनवेल आणि कल्याणचे रस्ते भेटतात आणि सकाळी तिथे पिवळ्या स्कूलबस एकीमागे एक अडकून पडतात. शाळा बघायला निघालेले आईबाप इमारत बघतात, मैदान बघतात, फी विचारतात. शिकवणार कोण, हे विचारायचं बहुधा राहून जातं. आजच्या भागातल्या शाळेकडे सुरुवातीला शिक्षकांवाचून दुसरं काही नव्हतंच.

१ जानेवारी १८८० रोजी पुण्याच्या बुधवार पेठेत, मोरोबादादा फडणीसांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर तेव्हा एकोणतीस वर्षांचे. ‘निबंधमाला’ चालवणाऱ्या या शिक्षकाची रत्नागिरीला बदली झाली होती. त्यानंतर त्यांनी सरकारी नोकरीच सोडली होती. टिळक तेवीस वर्षांचे, आणि गणित शिकवायला उभे. माधवराव नामजोशी बरोबर होतेच. संस्कृतसाठी वामन शिवराम आपटे आले, आणि एम.ए. होताच आगरकरही.

त्या काळी हायस्कूल म्हणजे मॅट्रिकची तयारी, आणि बहुतेक विषय इंग्रजीतून. परीक्षा मुंबई विद्यापीठाची, त्यामुळे शाळेचा कस तिथेच लागायचा. पहिल्याच वर्षी इथल्या विद्यार्थ्याने मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. एवढ्या लवकर हे साधलं त्याचं श्रेय मी आपट्यांच्या तासांना देतो. पुढे ज्यांच्या कोशावाचून संस्कृतच्या विद्यार्थ्याचं पान हलेना, ते रोज वर्गात उभे राहून रूपं पाठ करून घेत होते. १८८२ मध्ये शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर शाळा पाहून गेले आणि त्यांनी तिची तोंडभरून स्तुती केली. त्याच वर्षी चिपळूणकर वारले, आणि कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. तरी शाळा थांबली नाही. एका माणसाच्या जिवावर ती उभीच नव्हती.

२४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. आजीव सदस्याने वीस वर्षं सेवा द्यायची आणि महिना ७५ रुपयांत भागवायचं, असा नेम ठरला. सरकारी खात्यात याच पदव्यांना कितीतरी जास्त पगार मिळाला असता.

भांडण झालं तेही याच नेमावरून. सदस्याने बाहेरचं काम करून मिळवावं का? टिळकांचं म्हणणं, सगळा वेळ संस्थेचा. आगरकरांना आणि पुढे सदस्य झालेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना संसाराची ओढाताण दिसत होती, आणि गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतल्यावर वाद पेटला. मला दोन्ही बाजू पटतात. पण अपुऱ्या पगारावर त्याग फार वर्षं पेलत नाही, हे आगरकरांनी नेमकं ओळखलं होतं. १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला.

त्यामुळे फर्ग्युसनमध्ये गणिताची जागा रिकामी झाली. १८९१ मध्ये त्या जागेवर आले धोंडो केशव कर्वे. त्यांनी मुलींसाठी काय उभं केलं, ते पुढच्या आठवड्यात.