प्रेक्षक का दुरावले?

खेळाला खेळाडू जितके आवश्यक, तितकेच प्रेक्षकही आवश्यक असतात, असे म्हटले तर तुम्हांला कदाचित नवल वाटेल. शाळेच्या मैदानावर तुम्ही सायंकाळी खेळता, तेव्हा पाहावयास कोणी नसले म्हणून तुमचा आनंद उणा होत नाही. परंतु ज्या खेळावर खेळाडूंचा चरितार्थ चालतो, त्या व्यावसायिक खेळाची गोष्ट निराळी आहे. तेथे प्रेक्षक हाच आश्रयदाता होय. तो आला तर खेळाची भरभराट होते. तो उठून गेला तर खेळाडू कितीही कुशल असले तरी खेळाची रया जाते.

मग प्रेक्षक येतात कशामुळे आणि दुरावतात कशामुळे? “संघ जिंकला की लोक येतात, हरला की येत नाहीत,” असे उत्तर आपण चटकन देऊ. हे उत्तर अगदीच खोटे नाही; पण ते पुरतेपणी खरेही नाही. ते कसे, हे समजण्यासाठी आपण अमेरिकेतील एका बास्केटबॉल संघाची हकीकत पाहू.

बास्केटबॉल हा खेळ अमेरिकेतच जन्माला आला. कडाक्याच्या थंडीत मुलांना छपराखाली खेळता यावे, म्हणून जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ साली तो शोधून काढला. पुढे ह्या खेळाचे धंदेवाईक संघ निघाले आणि त्यांची एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्यातील प्रत्येक संघ नेहमीच्या हंगामात ८२ सामने खेळतो. त्यांपैकी साधारणतः निम्मे, म्हणजे ४१ सामने, तो आपल्या स्वतःच्या शहरात खेळतो. तिकिटांची विक्री, दूरचित्रवाणीकडून मिळणारा मोबदला आणि जाहिराती ह्यांवर त्याचा संसार चालतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. संघाला नाव शहराचे असते. परंतु संघ शहराच्या मालकीचा नसतो. तो एखाद्या धनिकाच्या किंवा काही भागीदारांच्या मालकीचा असतो. संघटनेची अनुमती मिळाली, तर मालक आपला संघ उचलून दुसऱ्या शहरी नेऊ शकतो. एखाद्या दुकानदाराने पेठ बदलावी, तसाच हा प्रकार. मात्र दुकानावर कोणी जीव लावीत नाही. संघावर लोक जीव लावतात. पुढे जे घडले त्याचे मूळ ह्या फरकात आहे.

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यात शार्लट नावाचे शहर आहे. १९९० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या चार लाखांच्या आतच होती. बड्या शहरांच्या पंक्तीत ते कोणी बसवीत नसे. मात्र ह्या राज्यात बास्केटबॉलचे वेड जुने. तेथील विद्यापीठांच्या संघांचे सामने म्हणजे घरोघरी चर्चेचा विषय. अशा शहराला १९८८ साली आपला स्वतःचा व्यावसायिक संघ मिळाला. त्याचे मालक होते जॉर्ज शिन. संघाचे नाव लोकांचा कौल घेऊन ठरविण्यात आले. ते नाव हॉर्नेट्स, म्हणजे गांधीलमाशा. ह्या नावामागे इतिहास आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७८० साली, इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस ह्याला शार्लटच्या रहिवाशांनी इतके सतावून सोडले, की त्याने त्या गावाला गांधीलमाशांचे पोळे म्हटले, असे सांगतात. हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल झाला. शत्रूने दिलेली शिवी त्या शहराने भूषण म्हणून मिरविली आणि तेच नाव आपल्या संघाला दिले.

संघाचा पहिला सामना नोव्हेंबर १९८८ मध्ये क्लीव्हलँडच्या संघाशी झाला. सामन्याचा निकाल काय लागला असेल? शार्लटचा संघ ९३ विरुद्ध १३३ अशा गुणांनी, म्हणजे तब्बल ४० गुणांनी हरला. तरीही सामना संपताच प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला! त्या हंगामात संघाने ८२ पैकी अवघे २० सामने जिंकले. असे असूनही त्या वर्षी साऱ्या संघटनेत सर्वांत अधिक प्रेक्षक ह्याच संघाला लाभले. दर सामन्यास सरासरीने सुमारे २३ हजार लोक येत. डिसेंबर १९८८ पासून नोव्हेंबर १९९७ पर्यंत ह्या संघाच्या घरच्या सलग ३६४ सामन्यांची सर्व तिकिटे विकली गेली.

हरणाऱ्या संघावर लोकांनी एवढे प्रेम का करावे? ह्याची कारणे शोधण्यास फार दूर जावयास नको. एक तर तो संघ नवा होता आणि शहराला प्रथमच देशाच्या नकाशावर मान मिळाला होता. दुसरे असे, की त्याचे नाव शहराच्या इतिहासातून आलेले होते आणि त्याचा निळसर-हिरव्या रंगाचा गणवेश त्याच राज्यातील एका कलावंताने बेतला होता. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या संघातील माणसे लोकांना आपली वाटत. मगसी बोग्ज हा खेळाडू उंचीने अवघा पाच फूट तीन इंच होता. ताडमाड खेळाडूंच्या पायांतून वाट काढीत तो चेंडू घेऊन जाई, तेव्हा प्रेक्षागारातील प्रत्येक लहान मुलाला वाटे, की आपणही काही करू शकू. डेल करी हा दुसरा खेळाडू दुरून अचूक नेम साधी. त्याचे कुटुंब शार्लटमध्येच राहत असे. त्याचा मुलगा स्टीफन ह्याच शहरात वाढला आणि पुढे जगप्रसिद्ध खेळाडू झाला. लॅरी जॉन्सन आणि अलोन्झो मोर्निंग हे दोन तरुण मोहरे लाभल्यावर तर संघ जिंकूही लागला. ज्यांना लोकांनी पराभवात साथ दिली होती, तेच आता विजयाचा आनंद देत होते.

पण ह्या भरल्या घराला हळूहळू ओहोटी लागली. वेतनाच्या प्रश्नावर मोर्निंगचे मालकाशी जमेना. १९९५ साली त्याला मायामीच्या संघाकडे धाडण्यात आले. १९९६ साली जॉन्सन न्यूयॉर्कला गेला आणि १९९७ साली सर्वांचा लाडका बोग्जही गेला. त्यांच्या जागी आलेले खेळाडू सामान्य होते असे नाही. काही तर फारच चांगले होते. हिशेबाच्या वहीत ही अदलाबदल कदाचित बरोबरही ठरली असती. परंतु प्रेक्षकांच्या मनात हिशेबाची वही नसते. ज्याच्या नावाचा सदरा आपल्या मुलाने हट्टाने घेतला, तो खेळाडू एका सकाळी परक्या शहराचा होतो, हे पाहून त्यांचे मन विटले.

अशात आणखी काही गोष्टींची भर पडली. १९९५ पासून त्याच शहरात फुटबॉलचा एक नवा व्यावसायिक संघ आला व लोकांचा पैसा आणि वेळ वाटला गेला. १९९८ साली संघांचे मालक आणि खेळाडू ह्यांच्यातील पैशांच्या तंट्यामुळे संपूर्ण संघटनेचे सामनेच काही महिने बंद पडले. कष्ट करून तिकिटाचे पैसे जमविणाऱ्या माणसाला धनवंतांचे हे भांडण रुचले नाही. मालकावर एक खटला झाला. त्याचा निकाल १९९९ साली मालकाच्या बाजूने लागला, तरी त्या काळात जी चर्चा झाली तिने संघाविषयीचा आदर कमी केला.

शेवटचा घाव क्रीडागृहाच्या प्रश्नाने घातला. संघाचे क्रीडागृह १९८८ मध्येच उघडलेले होते व त्यात सुमारे २४ हजार प्रेक्षक बसू शकत. मात्र श्रीमंतांसाठी असलेले खास कक्ष त्यात फारच थोडे होते आणि अशा कक्षांतून मोठे उत्पन्न मिळते. तेव्हा मालकाने नवे क्रीडागृह मागितले. त्याचा बराचसा भार शहराने सोसावा, अशी त्याची अपेक्षा होती. संघ दुसरीकडे नेण्याची भाषाही ऐकू येऊ लागली. जून २००१ मध्ये नागरिकांचे मत घेण्यात आले. सुमारे ५७ टक्के मतदारांनी विरुद्ध मत दिले.

आता सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पाहा. ह्या सुमारास संघ हरत होता काय? मुळीच नाही. २००१ व २००२ ह्या दोन्ही वर्षी तो बाद फेरीत पोहोचला आणि दोन्ही वेळा तिचा पहिला टप्पा त्याने जिंकला. पण २००१-०२ च्या हंगामात दर सामन्यास सरासरीने सुमारे ११ हजारच लोक आले. संघटनेतील २९ संघांत प्रेक्षकसंख्येत तो सर्वांत शेवटी होता. वीस सामने जिंकणाऱ्या संघासाठी जे घर ओसंडून वाहत होते, तेच चव्वेचाळीस सामने जिंकणाऱ्या संघासाठी अर्धे ओस पडले! २००२ साली मालकाने संघ न्यू ऑर्लिन्स शहरी नेला.

लोकांनी पाठ फिरविली म्हणून संघ गेला, की संघ जाणार असे दिसले म्हणून लोकांनी पाठ फिरविली? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जो पाहुणा दारात उभा राहून गाडीची वेळ विचारीत असतो, त्याच्यासाठी कोणी पंचपक्वान्ने रांधीत नाही. आणि पानात काही वाढले जात नाही असे पाहून पाहुणाही निघण्याची घाई करतो. अविश्वास हा असा दोहों बाजूंनी वाढत जातो. मालकाच्या बाजूनेही बोलण्यासारखे काही होते. खेळाडूंची वेतने झपाट्याने वाढत होती आणि इतर शहरांतील नव्या क्रीडागृहांतून तेथील संघांना मोठे उत्पन्न मिळत होते. पण ही अडचण लोकांना आपलीशी वाटावी, एवढा जिव्हाळा तोपर्यंत उरला नव्हता.

ह्यानंतर २००४ साली शार्लटला दुसरा संघ मिळाला. त्याचे नाव बॉबकॅट्स. मालक निराळा, खेळाडू निराळे. पुढच्याच वर्षी शहराच्या मध्यभागी नवे क्रीडागृहही उभे राहिले. आता तरी लोक धावत यावयास हवे होते. पण तसे झाले नाही. बॉबकॅट हे एका रानमांजराचे नाव. शहराच्या इतिहासाशी त्याचा संबंध नव्हता. शिवाय पहिल्या हंगामात संघाचे बहुतेक सामने ज्या नव्या वाहिनीवर दाखविले जात, ती अनेक घरांत दिसतच नसे. जो संघ डोळ्यांना दिसत नाही, त्याची गोडी लागावी कशी? त्यातच शार्लट हे बँकांचे वाढते शहर असल्यामुळे दूरदूरचे लोक नोकरीसाठी येऊन राहिले होते. ते येताना आपापल्या गावच्या संघांवरील प्रेमही घेऊन आले होते. ख्यातनाम खेळाडू मायकेल जॉर्डन हा त्याच राज्यात वाढलेला. २०१० साली तो संघाचा मुख्य मालक झाला. तरीही २०११-१२ च्या हंगामात संघाने ६६ पैकी केवळ ७ सामने जिंकले.

तेव्हा विजयाचे महत्त्व मुळीच नाही असे समजू नका. नित्य पराभव पाहावयास कोणी कायमचे येत नाही. पराभव सोसण्याचे बळ लोकांना आपुलकी देते. आणि ती आपुलकीच येथे अजून रुजली नव्हती.

पुढे २०१३ साली न्यू ऑर्लिन्सच्या संघाने आपले नाव बदलले. हॉर्नेट्स हे नाव मोकळे झाले आणि २०१४ साली शार्लटने ते परत घेतले. १९८८ ते २००२ पर्यंतच्या पराक्रमांची नोंदही पुन्हा शार्लटच्या खात्यावर जमा झाली. निळसर-हिरवे गणवेश परत आले आणि त्या हंगामात प्रेक्षकांची संख्या वाढली. केवळ एका नावाने खेळ सुधारत नाही, हे लोकांना ठाऊक होते. पण त्या नावाशी त्यांचे बालपण निगडित होते. ज्यांनी आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून बोग्जला पाहिले होते, ते आता आपल्या मुलांना घेऊन येत होते.

ह्या हकीकतीवरून आपल्याला काय दिसते? प्रेक्षक तिकीट काढतो, तेव्हा तो मनाशी चार प्रश्न विचारीत असतो. मला तेथे सहज जाता येईल काय? मला ते परवडेल काय? तेथे पाहण्याजोगे काही आहे काय? आणि तो संघ माझा आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पैशाने व परिश्रमाने देता येतात. रस्ते बांधता येतात, तिकिटे स्वस्त करता येतात, चांगले खेळाडू आणता येतात. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र विकत मिळत नाही. ते वर्षानुवर्षे दिलेला शब्द पाळून मिळवावे लागते. आणि एकदा गमावले, की ते परत मिळविण्यास बारा वर्षेही लागू शकतात.

नाटकमंडळी असो, वाचनालय असो की तुमच्या शाळेचा एखादा संघ असो, लोकांच्या आधारावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेला हाच नियम लागू आहे. रिकाम्या खुर्च्या दिसू लागल्या, की लोकांना बोल लावण्याचा मोह होतो. परंतु शहाणा माणूस आधी असे विचारतो, की ह्या खुर्च्यांवर पूर्वी जे बसत होते, त्यांना आपण आपले मानले होते काय?

स्वाध्याय

१. शार्लटच्या संघाला हॉर्नेट्स हे नाव का देण्यात आले?
२. पहिल्या हंगामात पराभव होऊनही प्रेक्षक गर्दी का करीत? तीन कारणे सांगा.
३. “अविश्वास हा असा दोहों बाजूंनी वाढत जातो.” हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील एखाद्या संस्थेकडे लोक पूर्वीपेक्षा अधिक किंवा कमी येत असतील, तर त्याची कारणे मोठ्या माणसांना विचारून लिहा.