पायलीपासून पुड्यापर्यंत

आजचा सांगली जिल्हा १९४९ साली झाला तो ‘दक्षिण सातारा’ या नावानं. जुन्या साताऱ्यातले काही तालुके आणि आसपासच्या संस्थानांचा मुलूख जोडून तो केला होता. सांगली हे नाव त्याला १९६० साली मिळालं. कचेऱ्या वेगळ्या झाल्या, पण कऱ्हाडात शिजतं तेच उडदाचं घुटं वाळव्यातही शिजत राहिलं. म्हणून घरखर्चाचा मागोवा घ्यायचा तर हे दोन जिल्हे एकत्रच पाहावे लागतात. इथल्या बायकांनी थोडक्या पैशांत भरलं घर कसं भागवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. ती विद्या आता भराभर विसरली जाते आहे आणि किराण्याचं बिल मात्र चढतंच आहे.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी इथल्या खेड्यांत महिन्याचा किराणा भरायची फारशी रीत नव्हती. घर भरायचं ते सुगीला. शाळू खळ्यावरून घरी आला, की वर्षाच्या भाकरीची सोय झाली. माप पायलीचं: चार शेरांची पायली, अर्ध्या शेराचं मापटं, पाव शेराचं चिपटं. किलो-ग्रॅम कायद्यानं आले तरी म्हातारी माणसं बरीच वर्षं पायलीतच भाव विचारत. ज्वारीत कडुलिंबाचा पाला घालायचा, कडधान्याला राख चोळायची, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावायचा. भात शिराळा-पाटणचा, बाजरी माणची, घेवडा कोरेगावचा, गूळ कऱ्हाडचा, हळद सांगलीची. माल सुगीत सगळ्यांत स्वस्त असतो. तेव्हाच वर्षाचा भरला की पुढच्या तेजीची झळ लागत नाही. बाकी सगळी काटकसर या एका गोष्टीवर उभी होती. साखरेचं थोडं वेगळं. सहकारी कारखाने उभे राहिल्यावर सभासदाच्या घरी सवलतीच्या दराची साखर येऊ लागली आणि दिवाळीचा मोठा खर्च हलका झाला.

ज्यांना रान नव्हतं, किंवा रान असून पाऊस नव्हता, त्यांची गोष्ट निराळी. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत कणग्या रिकाम्या पडल्या. बायका खडी फोडायला आणि तलावाची माती उपसायला गेल्या. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. त्याच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, ती थापताना तुटायची. तरी बायकांनी ती उकळत्या पाण्यात पीठ मळून थापली, हुलग्याचं माडगं करून तिच्याबरोबर पोरांच्या पोटात घातली. हुलगा हे तसं जनावराला भरडून घालायचं धान्य. त्या वर्षी त्यानं माणसं जगवली. कामाच्या हक्काचा आग्रह धरणारे वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. त्यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा पुढे १९७७ साली कायदा झाला. चुलीवर काय शिजणार हे हाताला काम आहे की नाही यावर ठरतं, हे या मुलखाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुष्काळाच्या दोनच वर्षं आधी, १९७० साली, कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक किर्लोस्कर प्रकाशनानं काढलं. कमलाबाईंचा जन्म १९१३ चा, कुंडलचा. शाळा जेमतेम चार इयत्ता. लग्नानंतर सांगलीला आल्या आणि सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. त्यांच्या पुस्तकाच्या लाखावर प्रती खपल्या. सासरमाहेरापासून दूर, पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या मुलींना ते हवंच होतं. मला त्यात सर्वांत मोठी वाटते ती वाटी-चमच्याच्या मापाची शिस्त. ‘अंदाजानं घाला’ असं सांगितलं की नवखीचा हात सैल सुटतो. भात उरतो, तेल जास्त पडतं, पदार्थ बिघडला की सगळंच वाया जातं. किती माणसांना किती वाट्या हे एकदा नीट ठरलं की डबा महिनाभर पुरतो. काटकसरीचं हे शास्त्र सांगलीच्या एका गृहिणीनं कागदावर उतरवलं, याचा या जिल्ह्याला अभिमान वाटायला हवा.

आता चटणी. आमच्याकडे चटणी म्हटलं की वर्षाचं लाल तिखट, कांदा-लसूण घातलेलं. त्याचा घाट चैत्र-वैशाखात घालायचा, कारण नवी मिरची बाजारात उतरलेली असते आणि ऊन कडक असतं. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी. माळवदावर मिरच्या वाळल्या की दुपारी ओसरीत बसून देठं काढायची. हातांची आग संध्याकाळपर्यंत जात नाही. धने, जिरे, तीळ, खसखस, खोबरं वेगवेगळं भाजायचं. कांदा वाळवून तेलात तांबूस तळायचा. मग डब्बे घेऊन डंकावर नंबर लावायचा. तयार चटणी बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचा खडा ठेवायचा, तोंडाला फडकं बांधायचं. पुढं वर्षभर कुठल्याही आमटीला या चटणीचा एक चमचा पुरतो, वेगळा मसाला लागत नाही. उडदाची वाटीभर डाळ शिजवून घोटली, आलं-लसूण-मिरचीची फोडणी दिली, की पाच माणसांचं कोरड्यास होतं. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी कटाच्या आमटीला. भाकरी उरली तर सकाळी कुस्करा. भाजी नसेल त्या दिवशी शेंगदाण्याचं कूट आमटीला लावायचं. यातला एकही पदार्थ कुणी गरिबाचा म्हणून खाल्ला नाही, चवीनंच खाल्ला.

पण या काटकसरीची किंमत कुणी मोजली, हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही. सातारच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. ती गोष्ट इतिहासात नोंदली गेली. मात्र घराघरांत शेवटी जेवायला बसणारी, कालवण संपलं म्हणून मिठाशी भाकरी खाणारी बाई कुठंच नोंदली गेली नाही. ‘ती पुरवून खाते’ असं कौतुक झालं, तेव्हा पुष्कळदा तिच्याच ताटातलं कमी झालेलं असायचं. म्हणून मला १९९७ साल महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आधी सभासद बायका निरक्षर म्हणून परवाना नाकारला गेला होता. बायका शिकायला बसल्या आणि परवाना मिळवलाच. बाजारात बसून भाजी विकणारीच्या नावावर थोडी थोडी शिल्लक पडू लागली, हा घरखर्चाच्या इतिहासातला मोठा टप्पा आहे.

रेशनही बदलत गेलं. १९९९ साली पिवळी, केशरी आणि पांढरी कार्डं आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो ठरला. २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. यानं असंख्य घरं तरली, ते निर्विवाद. पण स्वस्त गहू-तांदळापुढं शाळू मागं पडला, आणि आता गव्हापेक्षा शाळूच महाग झाला आहे. ज्यांचं ते रोजचं अन्न होतं, त्यांनाच तो परवडेना.

साठवणीलाही धक्के बसले. २००५ च्या महापुरात हरिपूरची हळदीची पेवं पाण्याखाली गेली. २०१९ ला सांगलीत घरोघरी वर्षाचा भरलेला माल भिजला, पोत्यांना कोंब फुटले. नदीकाठच्या ओळखीच्या काही घरांनी त्यानंतर वर्षाचं भरणं सोडलं, आणि त्यांना दोष देता येत नाही. फ्लॅटमध्ये कणगीला जागा नाही, माळवद नाही, नोकरी करणारीला वेळ नाही. मग पाव किलोचा पुडा येतो, मसाल्याचं पाकीट येतं, आणि किलोमागं हिशेब केला तर तोच माल कितीतरी महाग पडतो.

तरी जुन्या रीतीतलं बरंच काही आजही चालतं. २०१५ ला तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा ज्या घरांत मसूर, मटकी, घेवडा, उडीद पाळीपाळीनं शिजतो, त्यांना ती महागाई कमी जाणवली. चार घरांनी मिळून पोतंभर शाळू घेतला आणि वाटून नेला, तर जागेचा प्रश्न सुटतो. हळद वर्षाची एकदाच दळून आणली तर भेसळीचीही काळजी नको. घरातली थोरली बाई अजून सांगू शकते आहे तोवर तिची प्रमाणं वहीत उतरवून घ्या. आणि येत्या वैशाखात चटणीचा घाट घालाल, तेव्हा मिरच्यांची देठं काढायला घरातल्या पुरुषांनाही बसवा.