बादलीचं माप

क्रांती चौकात, उड्डाणपुलाकडे तोंड करून तिसऱ्या मजल्यावर आमचा संगणकाचा क्लास आहे. खिडकीतून जालना रोडची गर्दी दिसते, मान थोडी वळवली की शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. आत 30 मुलं, 30 जुनी मशिनं आणि या सगळ्यांचं ओझं वाहणारा कोपऱ्यातला एकच लिनक्स सर्व्हर. रॅम 8 जीबी. सी शिकवायला एवढी रग्गड, असं मी सांगत फिरायचो.

एका शनिवारी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, माझं काहीच चालंना." पाठोपाठ दुसरा, मग तिसरा, मग सगळा वर्ग. मीही रूट म्हणून लॉगिन करायला गेलो, तर कर्सर नुसता लुकलुकत राहिला. शेवटी बटण दाबून सर्व्हर बंद केला. एका मुलाला फोर्क करून एकच नवी प्रोसेस काढायची होती, पण ती ओळ चुकून न संपणाऱ्या लूपमध्ये गेली होती. एकाच्या दोन, दोनाच्या चार. दहा फेऱ्यांत 1024, वीस फेऱ्यांत दहा लाखांच्या वर. पोराची चूक साधीच होती. कुणी काय नि किती वापरावं याचं माप मीच कुठे लावलेलं नव्हतं.

त्या रात्री अशी मापं लावणारं युलिमिट घेऊन बसलो. ही शेलचीच आज्ञा, वेगळा प्रोग्रॅम नाही, आणि ते बरोबरच आहे. मर्यादा प्रोसेसला चिकटते आणि तिच्या पोटी जन्मणाऱ्या प्रोसेसकडे वारशाने जाते; बाहेरचा प्रोग्रॅम स्वतःला मर्यादा लावून संपला असता, शेल होता तसाच राहिला असता. यामागचे सिस्टिम कॉल जुने आहेत, 1983 च्या बर्कलीच्या 4.2 बीएसडी युनिक्समध्ये आलेले.

आधी प्रोसेसर वेळेची मर्यादा, हायफन टी, 10 सेकंदांवर ठेवली आणि रिकामा लूप चालवला. मनात आकडे मोजत होतो. दहाच्या आसपास पडद्यावर आलं, 'किल्ड'. मग स्लीप 60 दिलं, तर ते मिनिटभर आरामात झोपून उठलं. मोजला जातो तो प्रोसेसरवर खरंच घालवलेला वेळ, भिंतीवरच्या घड्याळाचा नाही. झोपलेल्याचं मीटर पळत नाही.

मग घोळ घातला. माझ्या नेहमीच्या लॉगिनमध्ये, रूट नसताना, हायफन यू देऊन प्रोसेसची संख्या 5 केली. मर्यादा दोन असतात: सॉफ्ट म्हणजे आत्ता लागू असलेली, हार्ड म्हणजे सॉफ्ट जिथवर वाढवता येते ती. हायफन एस किंवा हायफन एच सांगितलं नाही की दोन्ही एकदम बदलतात. शिवाय हार्ड मर्यादा साध्या युजरला खाली आणता येते, परत वर नेता येत नाही. मला तर साधं एलएससुद्धा चालवता येईना, कारण त्यालाही नवी प्रोसेस लागते. एको आणि फुली मात्र चालत होतं, ते शेलच्या पोटातलं. त्यावरच फाइलींची नावं वाचली, आणि स्वतःवरच हसलो.

रविवारी, लॉगिनच्या वेळीच मर्यादा लावणाऱ्या लिमिट्स डॉट कॉन्फ या फाइलमध्ये विद्यार्थ्यांच्या गटासाठी ओळी लिहिल्या: प्रोसेस 100, प्रत्येकीची मेमरी 512000 केबी. सोमवारी पुन्हा बोंब. तोवर सगळी मुलं एकाच खात्यातून लॉगिन करायची, आणि प्रोसेसची संख्या मोजली जाते ती युजरमागे. म्हणजे 30 जणांत मिळून 100. प्रत्येकाला वेगळं खातं काढून दिलं. मंगळवारी जावा शिकवणाऱ्या मॅडम आल्या, "सर, जावा सुरूच होत नाही." जावा सुरुवातीलाच पत्त्यांची मोठी जागा राखून ठेवते, आणि मेमरीची ही मर्यादा, युलिमिटची हायफन व्ही, राखलेली जागाच मोजते, खरी वापरलेली नाही. त्यांच्या गटाची ती ओळ काढली.

खरी गोम नंतर कळली. मेमरीची मर्यादा एकेका प्रोसेसची असते. 500 एमबीच्या 100 प्रोसेस म्हणजे जवळपास 50 जीबी, सर्व्हरात 8. आमच्या शहरात हे समजवायला फळा लागत नाही. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं तेव्हा अपार्टमेंटमध्ये बादली केवढी हे ठरवून भागत नाही, एका घराने किती बादल्या भरायच्या हेही ठरवावं लागतं. मी बादलीचं माप ठरवून निवांत बसलो होतो.

घराचं माप सीग्रुप लावतो. गूगलच्या इंजिनिअरांनी 2006 मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि 2008 च्या जानेवारीत तो लिनक्स कर्नलच्या 2.6.24 आवृत्तीत आला. आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या युजर स्लाइसला सिस्टिमडीतून मेमरी मॅक्स 200 एमबी दिली आहे. त्याच्या सगळ्या प्रोसेस मिळून तेवढ्यातच. तिसांचे मिळून 6 जीबी, उरलेले 2 सर्व्हरचे स्वतःचे. युलिमिट मात्र काढलेलं नाही. वेळेच्या आणि फाइलींच्या मर्यादेला आजही तेच सोपं पडतं.

तुम्ही हे करणार असाल तर आधी दुसऱ्या खिडकीत रूटचं लॉगिन उघडून ठेवा. आणि लिमिट्स डॉट कॉन्फ बदलल्यावर सगळ्यांना एकदा लॉगआउट करायला सांगा. आधीपासून आत बसलेल्यांना जुनंच माप लागू असतं.