विश्लेषण : दुसऱ्या अल्बमची परीक्षा कोणाची, बँडची की चाहत्यांची? ‘रॉक मशीन’ची कहाणी काय सांगते?

मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या हार्ड रॉक बँडचा ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा अल्बम १९९० मध्ये आला. पुढे हाच बँड ‘इंडस क्रीड’ झाला आणि त्या नावाने काढलेला त्याचा दुसरा अल्बम ‘इव्हॉल्व्ह’ २०१२ मध्ये आला. म्हणजे एकाच बँडच्या वाट्याला ‘दुसरा अल्बम’ दोनदा आला. दोन्ही वेळा चाहत्यांपुढचा प्रश्न सारखाच होता : या बँडची नवी गाणी हवीत, की ओळखीचीच पुन्हा ऐकायची आहेत? स्वतःची गाणी रचणाऱ्या आजच्या प्रत्येक बँडला हाच प्रश्न सोडवावा लागतो.

‘रॉक मशीन’ काय होते?

१९८४ मध्ये मुंबईत हा बँड सुरू झाला. ब्लूजवर आधारलेली, कर्कश केलेल्या गिटारची, जोरकस ड्रमची आणि चढ्या आवाजातल्या गायकीची शैली म्हणजे हार्ड रॉक. त्या काळातल्या बहुतेक भारतीय बँडप्रमाणे या तरुणांनीही सुरुवात परदेशी बँडची गाणी वाजवूनच केली. मात्र ते तिथेच थांबले नाहीत. ‘रॉक ’एन’ रोल रेनिगेड’ हा स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा पहिला अल्बम त्यांनी १९८८ मध्ये काढला. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर, बासवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रमवर मार्क मेनेझिस आणि पुढे दुसऱ्या गिटारवर जयेश गांधी ही या काळातली ओळखीची नावे.

भारतात त्याआधी रॉक नव्हते असे नाही. १९७०च्या सुमारास ‘सिमला बीट’ स्पर्धेत देशभरातले बँड उतरत आणि त्यांच्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चा अल्बम १९८१ मध्ये आला. पण एक अल्बम काढला, दोन वर्षांनी दुसरा काढला आणि दरम्यान देशभर कार्यक्रम करत राहिले, असे सातत्य दुर्मीळ होते. ‘रॉक मशीन’चे महत्त्व या सातत्यात आहे.

दुसरा अल्बम अवघड का मानला जातो?

पहिल्या अल्बममागे अनेक वर्षांची शिदोरी असते. महाविद्यालयात रचलेली, लहानमोठ्या मंचांवर घासूनपुसून घेतलेली गाणी त्यात येतात. दुसऱ्यासाठी हाती जेमतेम वर्ष-दोन वर्षे उरतात आणि तीही दौऱ्यांमध्ये जातात. शिवाय पहिल्या वेळी कोणाची काही अपेक्षा नसते. दुसऱ्या वेळी चाहता तुलना करायला बसलेला असतो. तसेच केले तर ‘तेच तेच’ आणि वेगळे केले तर ‘पूर्वीचे राहिले नाहीत’ असा शेरा तयार असतो.

काही बँडनी ही कसोटी झपाट्याने पार केली. ‘लेड झेपलिन’चे पहिले दोन्ही अल्बम १९६९ मध्येच आले आणि दुसरा अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांत अव्वल ठरला. ‘ब्लॅक सॅबथ’चा ‘पॅरानॉइड’ हा दुसरा अल्बमही पहिल्याच्याच वर्षी, १९७० मध्ये आला. उलट उदाहरण ब्रिटनच्या ‘द स्टोन रोझेस’चे. १९८९च्या गाजलेल्या पहिल्या अल्बमनंतर दुसऱ्याला पाच वर्षे लागली आणि १९९४ मध्ये तो आला तेव्हा चाहत्यांत फूट पडली. त्याचेही नाव ‘सेकंड कमिंग’च होते. मुंबईच्या बँडने ते नाव चार वर्षे आधी वापरले होते.

१९९० मध्ये श्रोत्यापर्यंत अल्बम पोहोचत कसा होता?

प्रामुख्याने कॅसेटमधून. दूरदर्शनशिवाय वाहिनी नव्हती आणि तिथे इंग्रजी रॉकला क्वचितच जागा मिळे. त्यामुळे कॅसेट दुकानात मिळाली तर ठीक. नाही तर मित्राकडच्या कॅसेटवरून कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची, ही रीत होती. मुंबईत काळा घोडा इथले ‘रिदम हाऊस’ हे दर्दींचे ठिकाण होते. २०१६ मध्ये ते बंद झाले.

याच सुमारास मीरा-भाईंदर आकार घेत होते. ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये इथे नगरपालिका झाली. १९९१च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती; २००१ मध्ये ती सव्वापाच लाखांच्या घरात आणि २०११ मध्ये आठ लाखांपुढे गेली. मिठागरांच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या इमारतींत राहायला आलेल्या तरुणांना रॉक ऐकायला दक्षिण मुंबई गाठावी लागे. धोबी तलावाजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह या संगीताचे माहेरघर होते. ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव १९८६ पासून तिथे भरू लागला. शेवटचे गाणे ऐकायचे की विरारची शेवटची लोकल पकडायची, हा हिशेब चाहतेपणाचाच भाग होता. कार्यक्रमाला जाणे इतके खर्चीक आणि दगदगीचे असेल, तर ओळखीची गाणी ऐकायला मिळावीत ही अपेक्षाही वाढते. चाहत्याच्या हट्टामागचे हे कारण सहसा लक्षात घेतले जात नाही.

मग ‘द सेकंड कमिंग’चा कौल काय लागला?

तो एका दिवसात लागला नाही. त्या वेळी मंचावर कोणताही बँड आला की ‘डीप पर्पल’ किंवा ‘लेड झेपलिन’च्या गाण्यांची मागणी होई. स्वतःचे गाणे सुरू केले की श्रोत्यांची चुळबुळ ठरलेली. अशा वातावरणात दुसऱ्या अल्बमने एक गोष्ट साधली. बँडकडे आता पूर्ण कार्यक्रम भरेल एवढी स्वतःची गाणी जमली. पहिल्या अल्बमपुरता तो ‘प्रयोग’ मानता आला असता. दुसऱ्यानंतर ती भूमिका ठरली. महाविद्यालयीन श्रोतेही हळूहळू त्यांची गाणी सोबत म्हणू लागले आणि भारतीय बँडच्या गाण्याचीच फर्माईश होऊ लागली.

देशव्यापी कौल मात्र दूरचित्रवाणीने दिला. १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही भारतीय घरांत आले आणि गावोगावच्या केबलवाल्यांनी ते पसरवले. ‘टॉप ऑफ द रॉक’ आणि ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्यांच्या चित्रफिती त्या पडद्यावर दिसल्या. ‘प्रिटी चाइल्ड’ला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कारही मिळाला. तो मिळाला तेव्हा बँडचे नाव बदललेले होते. चाहत्यांचा कौल इतका उशिरा पोहोचण्याचे कारण गाण्यात नव्हते, ते पोहोचवणाऱ्या यंत्रणेत होते.

नाव का बदलले आणि नंतर काय झाले?

१९९३ मध्ये ‘रॉक मशीन’चे ‘इंडस क्रीड’ झाले. जुन्या नावात एकाच शैलीचा शिक्का होता, तर बँडचे संगीत त्यापलीकडे जाऊ पाहत होते. त्याच वर्षी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू झाले आणि देशभरच्या विखुरलेल्या चाहत्यांना एकमेकांची खबर मिळू लागली. नव्या नावाचा पहिला अल्बम, त्याच नावाने, १९९५ मध्ये आला.

पण वारे फिरले होते. बाबा सेहगलचे ‘ठंडा ठंडा पानी’ १९९२ मध्ये, तर अलिशा चिनॉयचे ‘मेड इन इंडिया’ १९९५ मध्ये गाजले आणि कॅसेट कंपन्यांना हिंदी पॉपची बाजारपेठ दिसली. संगीत वाहिन्याही हिंदीकडे वळल्या. ज्या पडद्याने इंग्रजी रॉकला चेहरा दिला, तोच दोन-तीन वर्षांत आक्रसला. १९९७ मध्ये ‘इंडस क्रीड’ थांबले. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा बँड केला.

‘इव्हॉल्व्ह’ला दुसरी परीक्षा का म्हणायचे?

२०१० मध्ये बँड पुन्हा एकत्र आला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया जुने. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे. सोपा मार्ग उघडा होता. चाळिशीत पोहोचलेले चाहते तिकीट काढून जुनी गाणी ऐकायला तयार होते आणि स्मरणरंजनाला आयोजकही सहज मिळतात. बँडने त्याऐवजी २०१२ मध्ये आठ नव्या गाण्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ काढला. त्याचे मिक्सिंग टिम पामर यांनी केले. ‘पर्ल जॅम’च्या ‘टेन’चे मिक्सिंगही त्यांचेच. ‘फायरफ्लाइज’सारख्या गाण्यांत १९९०चा उसळता हार्ड रॉक नव्हता, रचना अधिक गुंतागुंतीच्या आणि सूर अधिक संयत होता.

इथे चाहत्यांच्या दोन पिढ्या आमनेसामने आल्या. जुन्यांना ‘रॉक मशीन’ हवे होते. नव्यांना ते नाव फक्त ऐकून माहीत होते, त्यामुळे त्यांनी अल्बम कोऱ्या पाटीने ऐकला. जाणकारांनी त्याचे स्वागत केले ते याच कारणासाठी : परतलेला बँड स्वतःची नक्कल करत नव्हता.

चाहते जुनेच का मागतात?

ही खोड रॉकपुरती नाही. मराठी संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ची प्रथा होती आणि एकेका पदासाठी प्रयोग मध्यरात्रीपलीकडे लांबत. वन्स मोअर मिळतो तो आवडलेल्या पदाला. नवे पद आवडीचे व्हायला आधी काही वेळा ऐकावे लागते. मेंदूला परिचित सूर सुखावतो, हे साधे सत्य त्यामागे आहे. श्रोत्याने ते पहिले काही वेळा ऐकण्याची संधी दिली नाही, तर कोणतेही गाणे ‘जुने आणि आवडते’ होऊच शकत नाही.

यात पैशाचाही प्रश्न आहे. दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या बँडला त्या रात्रीचे मानधन मिळते. गाण्यावरचा हक्क आणि स्वामित्वधन मूळ रचनाकाराचे असते. स्वतःच्या गाण्याचे उत्पन्न मात्र पुढेही येत राहू शकते. गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनावरचा हक्क बळकट करणारी कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती २०१२ मध्ये, म्हणजे ‘इव्हॉल्व्ह’च्याच वर्षी झाली. हक्क कागदावर आला, तरी तो कमावण्यासाठी आधी गाणे ऐकले जावे लागते.

आजच्या बँडसाठी काय बदलले?

पोहोचवण्याचा अडसर जवळपास संपला. भाईंदरच्या खोलीत ध्वनिमुद्रित केलेले गाणे त्याच दिवशी जगभर ऐकता येते. कॅसेटची वाट पाहावी लागत नाही आणि कोणा वाहिनीची मर्जीही सांभाळावी लागत नाही. पण एक एक सुटे गाणे ऐकण्याच्या सवयीत ‘दुसरा अल्बम’ ही कल्पनाच क्षीण झाली आहे. आवडले नाही तर काही सेकंदांत पुढचे गाणे लागते. कॅसेट पैसे मोजून घेतलेली असे, म्हणून न आवडलेली बाजूही चार वेळा ऐकली जाई. त्या चार वेळांत काही गाणी मनात घर करत.

मंचाचा प्रश्न तर अधिक बिकट झाला. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रुग्णालये व शाळांभोवतीचे शांतता क्षेत्र आले आणि रंगभवनातले रॉक थांबले. ‘इंडिपेन्डन्स रॉक’ अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेला. मीरा-भाईंदरच्या श्रोत्याचा लोकल प्रवास त्यामुळे कमी झाला खरा, पण शहराने हक्काची एक जागा गमावली. मीरा-भाईंदर २००२ पासून महानगरपालिका आहे. एवढ्या मोठ्या शहरातल्या तरुण बँडला पन्नास-शंभर माणसांसमोर स्वतःची दहा गाणी वाजवता येतील अशा लहान, परवडणाऱ्या जागा हव्यात. ‘रॉक मशीन’ची गाणी लोकांच्या तोंडी बसली ती पुन्हा पुन्हा मंचावर वाजल्यामुळे. नव्या बँडचा पहिला अल्बम हौसेवर निघू शकतो. दुसरा निघायचा तर कार्यक्रमाला पुन्हा येणारा आणि अनोळखी गाणे शेवटपर्यंत ऐकणारा श्रोता लागतो.