यंत्रावर किती भार घालावा?

कारखान्यातला बॉयलर आता बहुधा संगणक सांभाळतो. त्याचा हुकूम उशिरा गेला, तर धोका! म्हणून त्याचा वेळ आणि स्मृती आधी मोजावी लागते. आता 1969 सालची गोष्ट पाहा. अपोलो 11 चं यान चंद्रावर उतरत होतं. त्यातल्या संगणकाची बदलती स्मृती जेमतेम 2048 आकडे मावतील एवढी. एका रडारच्या नको त्या संकेतांनी त्याचा सुमारे 15 टक्के वेळ खाल्ला. कामं उरकेनात, अर्धवट कामांनी स्मृतीतली जागा अडवली आणि धोक्याची सूचना झळकली. पण अशा वेळी किरकोळ कामं सोडायची, हे आधीच ठरलेलं होतं. यान सुखरूप उतरलं. तेव्हा भार मोजायचा तो गर्दीच्या क्षणाचा, नेहमीचा नव्हे. वर थोडी जागा मोकळी ठेवा, आणि अडचणीत काय सोडायचं, तेही आधीच ठरवा.