साखळीच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला?

निफाड किंवा दिंडोरी तालुक्यात तलाठी म्हणून उमर काढलेल्या माणसाला ब्लॉकचेन समजावून सांगायला फार वेळ लागू नये. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, त्याने आयुष्यभर लिहिलेली असते. खरेदीखत झाले, वारस लागले, बोजा चढला, की पुढचा क्रमांक टाकून नोंद धरायची. हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस द्यायची, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची, मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. त्यानंतर सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराच्या नावाला कंस पडतो, नवे नाव चढते आणि त्याच्याजवळ वर्तुळात फेरफार क्रमांक येतो. नोंदवही ही घडलेल्या गोष्टींची ओळ. सातबारा हा त्या ओळीतून आज निघणारा निष्कर्ष. सातबारा फाटला तरी फेरफार शाबूत असतील तर तो पुन्हा उभा करता येतो.

हायपरलेजर फॅब्रिक या सरकारी आणि बँकांच्या कामात बरीच वापरल्या जाणाऱ्या प्रणालीची रचना अशीच आहे. एकीकडे एकामागून एक जोडलेल्या ब्लॉकांची फाइल असते. प्रत्येक ब्लॉकात आधीच्या ब्लॉकाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. दुसरीकडे 'स्टेट डेटाबेस' असतो. त्यात फक्त आजची परिस्थिती असते, आणि तो लेव्हलडीबी किंवा काउचडीबीत ठेवतात. पहिला भाग म्हणजे नमुना सहा, दुसरा म्हणजे सातबारा.

इथवर सगळे लेख सांगतात आणि पुढे 'यात कुणालाही बदल करता येत नाही' असे म्हणून थांबतात. पण ही वही कुठल्या तरी सर्व्हरवर असते, आणि त्या सर्व्हरपुढे रात्री-अपरात्री एक माणूस काळ्या पडद्यावर कमांड टाइप करत बसलेला असतो. आपल्या नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत ईएसडीएसचे डेटा सेंटर आहे. तसल्या ठिकाणी काम करणाऱ्यांना हे दृश्य रोजचे. म्हणूनच एखाद्या साखळीवर किती भरवसा ठेवायचा हे जाहिरातीवरून ठरवू नये, तिच्या कमांडची यादी वाचून ठरवावे असे माझे मत आहे. कुठली कमांड आहे, कुठली मुद्दामच ठेवलेली नाही आणि कुठली कुणाच्या सहीशिवाय चालत नाही, या तीन गोष्टी पाहिल्या की साखळीचा खरा मालक सापडतो.

बिगचेनडीबीपासून सुरुवात करू, कारण 'ब्लॉकचेन डेटाबेस' हे नाव सर्वांत उघडपणे लावणाऱ्यांपैकी ती एक. बर्लिनमध्ये 2016 साली ती जन्मली. 2018 च्या दुसऱ्या आवृत्तीत आत मोंगोडीबी आणि एकमत घडवायला टेंडरमिंट अशी जोडी आली. तिच्या व्यवहारांत 'क्रिएट' आणि 'ट्रान्सफर' असे दोनच प्रमुख प्रकार आहेत. 'अपडेट' नाही, 'डिलीट' नाही. म्हणजे मालमत्ता जन्माला घाला किंवा दुसऱ्याच्या नावे करा. खोडायची सोय नाही. पण सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या कमांड पाहिल्या तर 'बिगचेनडीबी कॉन्फिगर', 'इनिट', 'स्टार्ट' यांच्या रांगेत 'बिगचेनडीबी ड्रॉप' उभी आहे. ती आपल्या यंत्रावरचा सगळा डेटाबेस पुसते. आधी 'नक्की ना?' असे विचारते खरे, पण पुढे 'वाय'ची खूण लावली की तेही विचारत नाही. टेंडरमिंटमध्ये तर एका कमांडच्या नावातच 'अनसेफ' आहे: 'अनसेफ रीसेट ऑल'. लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा म्हणायचा.

मग न पुसली जाणारी वही कुठे गेली? ती गेली नाही. ती बाकीच्या यंत्रांवर आहे. चार यंत्रे असतील तर त्यांपैकी एक बंद पडले, बिघडले किंवा खोटे बोलू लागले तरी उरलेली तीन काम रेटतात, दोन-तृतीयांशांहून अधिक मतांचा नियम त्यासाठीच असतो. याच बिगचेनडीबीत नव्या यंत्राला मताधिकार द्यायचा तर 'इलेक्शन न्यू' ने प्रस्ताव मांडावा लागतो, त्याचा क्रमांक इतरांना कळवावा लागतो, आणि पुरेशा जणांनी आपापल्या खासगी किल्लीने 'इलेक्शन अप्रूव्ह' केल्यावरच तो मंजूर होतो. दोन-तृतीयांशांपुढे मते गेली नाहीत तर प्रस्ताव पडून राहतो. 'ड्रॉप' एकट्याच्या हातात आणि 'इलेक्शन' सगळ्यांच्या हातात: अख्ख्या तंत्रज्ञानाचे मर्म या दोन कमांडमध्ये आहे. 2020 नंतर या प्रकल्पाचे काम थंडावले, पण अभ्यासाला त्याच्याइतके स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

फॅब्रिकची हत्यारपेटी मोठी आहे. 'पिअर', 'ऑर्डरर', 'कॉन्फिगटीएक्सजेन', 'फॅब्रिक सीए क्लायंट', 'ओएसएनॲडमिन' अशी वेगवेगळी साधने, प्रत्येकाच्या पोटात उपकमांड. रोज सकाळी चालवायची ती 'पिअर चॅनेल गेटइन्फो'. ती तीनच गोष्टी सांगते: साखळीची उंची (म्हणजे ब्लॉकांची संख्या), शेवटच्या ब्लॉकाचा हॅश आणि त्याच्या आधीच्याचा. दोन संस्थांच्या यंत्रांवर एकाच उंचीला हॅश जुळले, की वही दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखी.

एक प्रसंग धरू. काउचडीबीचा पासवर्ड असलेला कुणी एक 'कर्ल'ची ओळ लिहून थेट स्टेट डेटाबेसमधली नोंद बदलतो. ब्लॉकांच्या फाइलला त्याने हातही लावलेला नाही, त्यामुळे 'गेटइन्फो' कालचेच हॅश दाखवते. सगळे आलबेल! पण त्या यंत्राला माहिती विचारणाऱ्या नागरिकाला चुकीचे उत्तर मिळते. फेरफाराशिवाय सातबाऱ्यावर नाव चढावे, तोच प्रकार. यावर उतारा असा की पिअर, म्हणजे वहीची प्रत सांभाळणारे ते यंत्र, बंद करून 'पिअर नोड रिबिल्ड डीबीज' चालवायचे. स्टेट टाकून दिला जातो आणि पिअर पुन्हा सुरू केला की पहिल्या ब्लॉकापासून तो नव्याने बांधला जातो. वही मोठी असेल तर याला बराच वेळ लागतो. त्याहून बरा उपाय म्हणजे ठरावीक उंचीला 'पिअर स्नॅपशॉट'ने आजची स्थिती बाहेर काढायची, दुसऱ्या संस्थेकडूनही तशीच मागवायची आणि 'लेजरयूटिल कम्पेअर'ने दोन्ही ताडून पाहायच्या. दुसरी संस्था खरोखर दुसरी असेल तरच याला अर्थ.

बिटकॉइन आणि इथेरियमबद्दल थोडक्यात. 'बिटकॉइन सीएलआय'ची 'व्हेरिफायचेन' ही कमांड घरच्या संगणकावरही चालते. पूर्ण साखळीने आता 600 जीबी ओलांडले आहेत, जागा नसेल तर 'प्रून' लावून 550 एमबीपर्यंत ब्लॉक ठेवता येतात. इथेरियमच्या 'गेथ'मध्ये 'रिमूव्हडीबी' आहे. ती आपली प्रत उडवते आणि जगाचे काही बिघडत नाही. हजारो अनोळखी लोकांकडे प्रती असण्याचा हा फायदा.

याच्या उलट टोकाला ॲमेझॉनची क्यूएलडीबी होती. न बदलणारी वही, पण एकाच कंपनीच्या ताब्यातली. 2019 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि 31 जुलै 2025 ला तिची सेवा संपली. नोंद कायमची, दुकान सहा वर्षांचे. ज्यांनी मुदतीत सगळा माल बाहेर काढून घेतला ते वाचले.

महाराष्ट्रात या गोष्टी कुठवर आल्या? कौशल्य विकास मंडळाने 2021 मध्ये आपली प्रमाणपत्रे लेजिटडॉक या स्टार्टअपच्या मदतीने इथेरियमवर नोंदवायला घेतली. 2022 मध्ये गडचिरोलीच्या एटापल्लीत 65,000 जात प्रमाणपत्रांचे काम पॉलिगॉनवर झाले. दुर्गम तालुक्यातल्या दाखल्याचा ठसा सार्वजनिक साखळीवर जावा हे मला पटते, कारण तिथे प्रत तालुका कचेरीच्या हाती राहत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने 'विश्वस्य' ही राष्ट्रीय ब्लॉकचेन सेवा जाहीर केली; तिची यंत्रणा एनआयसीच्या भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या डेटा सेंटरांत आहे. तीन शहरे झाली म्हणजे आग, पूर, वीज यांची चिंता मिटली. पण तिन्ही ठिकाणच्या रूट पासवर्डची साखळी वर जाऊन एकाच संस्थेत मिळत असेल, तर 'इलेक्शन अप्रूव्ह' करणारे खरे किती, हा प्रश्न उरतोच. एखाद्या खात्याने तिथे आपली वही ठेवताना स्वतःचा पिअर स्वतःच्या किल्लीने चालवायचा आग्रह धरावा.

नाशिकला या प्रश्नाची ओळख फार जुनी आहे. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसला 1925 मध्ये सुरुवात झाली, करन्सी नोट प्रेसला 1928 मध्ये. मुद्रांक कागद खरा का, तर तो इथल्या भिंतीआड छापला म्हणून. अब्दुल करीम तेलगीने त्या कागदाची नक्कल करण्यात वेळ घालवला नाही. याच प्रेसमधून निकाली निघालेली यंत्रे हस्तगत केली आणि छापायलाच बसला. कागदाचे गुप्त गुण शाबूत होते, फुटला तो यंत्रे निकाली काढण्याचा कारभार. सर्व्हरच्या जगात याला समांतर म्हणजे जुन्या डिस्कवर तशीच राहून गेलेली खासगी किल्ली. यंत्र भंगारात देताना डिस्क पुसणारी 'श्रेड' कमांड चालवली का, हे विचारणारा माणूस टेंडरच्या कागदात कुठेच नसतो.

द्राक्षांची गोष्ट याहून बोलकी आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाची ग्रेपनेट ही नोंदव्यवस्था आहे: बागेची नोंदणी, नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, कंटेनर, सगळे एका माळेत. ती ब्लॉकचेनवर नाही, साध्या मध्यवर्ती डेटाबेसवर उभी राहिली आणि तिने काम केले. 2010 च्या हंगामात मात्र युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. वेलीची वाढ आवरायला वापरले जाणारे हे रसायन तेव्हा तपासायच्या यादीतच नव्हते. नोंदी चोख होत्या, अहवाल खरे होते, तरी माल परत फिरला आणि जिल्ह्यातल्या बागायतदारांचे कंबरडे मोडले. उद्या ग्रेपनेट फॅब्रिकवर नेली, 'गेटइन्फो'चे हॅश दहा ठिकाणी जुळले, तरी न विचारलेल्या रकान्याचे उत्तर त्यात येणार नाही. ब्लॉकचेन विकायला येणाऱ्यांना नाशिककरांनी पहिल्यांदा ही गोष्ट ऐकवावी.

मराठी नोंदींचे म्हणून एक वेगळेच दुखणे आहे, त्याकडे परदेशी पुस्तके बघत नाहीत. कुऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: टिंबाचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. डोळ्याने फरक कळणे अशक्य. पण दोन्ही रूपे हॅश काढणाऱ्या 'शा256सम' कमांडमधून काढली तर 64 अक्षरांचे दोन ठसे बाहेर येतात आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. युनिकोडच्या ठरीव शुद्धीकरणानेही ही दोन रूपे एक होत नाहीत. म्हणजे दाखला खरा, माणूस खरा, आडनाव बरोबर, आणि पडताळणी म्हणते 'जुळत नाही'. गोऱ्हे, तऱ्हाळे, बऱ्हाटे सगळे या रांगेत. साखळीवर ठसा टाकण्याआधी मराठी मजकूर एका ठरलेल्या रूपात आणणारी दहा ओळींची छोटी स्क्रिप्ट लिहिणे हे साखळी निवडण्यापेक्षा महत्त्वाचे काम आहे. बरेच टर्मिनल जोडाक्षरे मोडूनच दाखवतात, त्यामुळे काळ्या पडद्यावर ही चूक हुडकणे म्हणजे डोळ्यांची परीक्षा.

प्रत्यक्षात जाळी बंद पडतात ती हल्लेखोरांमुळे कमी, तारखांमुळे जास्त. फॅब्रिकच्या प्रमाणपत्र साधनात काही न बदलता प्रमाणपत्रे काढली तर त्यांची मुदत 8,760 तासांची, म्हणजे एका वर्षाची असते. उद्घाटन झाले, फोटो निघाले, कंत्राटदार गेला, आणि बरोबर वर्षाने सगळे पिअर एकमेकांना ओळखेनासे होतात. 'ओपनएसएसएल'ची 'एंडडेट' दाखवणारी एक ओळ ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनमध्ये टाकून ठेवली असती तर महिनाभर आधी इशारा मिळाला असता.

आणि एक विसंगती, जिच्यावर या क्षेत्रातले लोक चहाच्या टपरीवर हसतात. वहीतली नोंद पुसता येत नाही. पण ती वही सांभाळणाऱ्याने काय काय टाइप केले याची यादी 'बॅश हिस्टरी' नावाच्या साध्या फाइलमध्ये असते, आणि 'हिस्टरी'ला आधी 'सी' आणि मग 'डब्ल्यू' जोडून ती कोरी करता येते. ज्याच्या हातात 'ड्रॉप' आहे त्याचीच रोजनिशी कच्च्या कागदावर. कुणी काय चालवले याची नोंद 'ऑडिटडी'ने घ्यावी, ती त्याच क्षणी दुसऱ्या खात्याच्या यंत्रावर पाठवावी, आणि त्या यंत्राचा पासवर्ड या माणसाला देऊ नये.

महसूल कायद्यात लेखनप्रमाद सुधारण्यासाठी कलम 155 आहे. सातबारा संगणकावर आणताना एडिट आणि री-एडिटची मोड्यूल निघाली ती हस्तलिखिताशी मेळ घालण्यासाठी. दुरुस्तीची वाट प्रत्येक वहीला लागतेच, आणि तक्रारीही त्याच वाटेवर जमतात. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, म्हणून प्रत खरी आहे हे कळते. पण मूळ नोंद काल रात्री बदलली का, हे सहीवरून कळत नाही. त्याला भारी साखळी लागतेच असे नाही. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा यांनी 1991 मध्ये नोंदींना वेळेचा ठसा मारण्याची रीत मांडली, आणि त्यांच्या शुअर्टी कंपनीने 1995 पासून दर आठवड्याला तो ठसा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापला. बिटकॉइनच्या चौदा वर्षे आधी. नाशिकच्या दैनिकांत जमिनीच्या जाहीर नोटिसा रोज छापून येतातच. तालुक्याच्या दिवसभराच्या प्रमाणित फेरफारांची एक फाइल करून 'शा256सम' चालवले, तर छापायला येतात फक्त 64 अक्षरे. दोन ओळींची जाहिरात, आणि तिच्या प्रती निफाडपासून सुरगाण्यापर्यंत ज्याच्या त्याच्या घरी, रद्दीत का होईना.