हजार रुपये कुठे घातले?

भोसरीच्या एका कारखान्यात मी २३ वर्षं असेंब्ली लाइनवर होते, त्यातली ९ युनियनच्या वाटाघाटी समितीत. समितीत सात जण, बाई मी एकटीच. माझ्या पहिल्या करारात दरमहा हजार रुपये वाढ मिळाली आणि गेटवर पेढे वाटले. ती सगळी वाढ घरभाडे भत्त्यात घातली होती. आमच्यापैकी कुणीही हटकलं नाही.

दोन वर्षांनी स्टोअरमधले काका निवृत्त झाले. हिशेबाचा कागद घेऊन आले. "ताई, आपली वाढ यात कुठंय?" नव्हतीच. ग्रॅच्युइटी तेव्हा निघायची बेसिक आणि महागाई भत्त्यावर. दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. काकांची नोकरी २६ वर्षांची. तेच हजार बेसिकमध्ये असते तर त्यांना १५ हजार जास्त मिळाले असते. त्या दिवसापासून मी बैठकीला कॅल्क्युलेटर घेऊन जायला लागले.

पेपरात वाढीचा आकडा येतो. झटापट होते ती बाकीच्या कलमांवर. पहिल्या वर्षी किती, फरक कोणत्या तारखेपासून? आणि व्यवस्थापनाला बदल्यात उत्पादन हवं असतं. आमच्याकडे तासाला ४० नग निघायचे, त्यांनी ४६ मागितले. आम्ही म्हटलं, आधी स्टुलांची उंची बदला, टाइम स्टडी आमच्यासमोर करा. चार बैठका यावरच गेल्या. ४३ वर मिटलं.

सही कुठे होते तेही बघावं लागतं. तेव्हा १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता. आपसातला करार सही करणाऱ्यांनाच बांधायचा. समेट अधिकाऱ्यासमोर कलम १२(३) खाली झालेला मात्र सगळ्या कामगारांना, उद्या भरती होणाऱ्यालाही. आणि करारात जे मुद्दे आले, त्यांवर मुदतीत संप करता यायचा नाही. म्हणून सहीआधी मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावायचे.

शेवटच्या करारात वाढ बेसिकमध्ये आली. माझ्या शेजारच्या स्टुलावर एक कंत्राटी मुलगी बसायची. तिचा मालक कागदोपत्री ठेकेदार. तिच्यासारख्यांचा मुद्दा आम्ही मागणीपत्रात घातला होता. बाराव्या बैठकीत, आपली वाढ अडकू नये म्हणून, सोडून दिला. मीही गप्प बसले.

गेटवर तिच्या हातात पेढा ठेवला, तेव्हा तिने विचारलं, "ताई, नग आम्हालाही ४३ च ना?"